कुंपणालगतची पिवळी पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मधमाश्यांची. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की तुम्ही रुमाल काढून बसता, हे मला ठाऊक आहे. खिशातच राहू द्या. मला फारसं कुणी आवडत नाही आणि मी कुणाला आवडावं असं मी काही केलेलं नाही.

न्यूझीलंडमध्ये, मोटुएका गावाच्या वरच्या खोऱ्यात, रॉन टिपेट नावाच्या माणसानं मला पाइनच्या फळ्यांतून ठोकून काढलं. खिळे वाकडे मारले आणि दोष लाकडाला दिला. तरी सुरुवातीची वर्षं बरी गेली. माझ्या पोटात चौकटी, चौकटींवर मेणाची पोळी आणि पोळ्यांत राणीचा भरला संसार. कृषी प्रदर्शनात माझ्या मधाला पहिल्या बक्षिसाची लाल फीत मिळाली. ती रॉननं स्वतःच्या कोटाला लावली.

मग एका वर्षी माझ्या पोटातल्या अळ्या सडल्या. हा रोग तिथं लपवायचा नसतो. कळवायचं, खड्डा खणायचा आणि माश्या, चौकटी, पेटी सगळं जाळायचं. कारण रोगाचं बी लाकडात मुरतं आणि माणसाच्या आयुष्याइतकं टिकतं. रॉननं मला शेडमध्ये ढकललं, वर ताडपत्री टाकली आणि हात झटकले. माणसं याला वस्तू जपून ठेवणं म्हणतात.

पुढे रॉन वारला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला. त्या खोऱ्यात गेलेल्या माणसाचं काहीतरी विकत घेणं म्हणजे त्याला खांदा देण्यासारखंच. रिकाम्या हातानं परतणाऱ्यानं तिथला चहा पिऊ नये आणि स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा गोडसर पाव, खाऊ नये, असा अलिखित नियम आहे. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या ग्लेनिस प्रॅटनं आधीच स्कोन खाल्ला होता. म्हणून तिनं मला घेतलं.

ग्लेनिसला मधमाश्या पाळायच्या होत्या. मधपालकांच्या क्लबात ती दर शनिवारी शिकायला जाई. जुनी पेटी घेऊ नका, हे तिथं पहिल्याच धड्यात सांगितलं होतं. पण ते अनोळखी माणसांच्या पेट्यांबद्दल असणार, असं तिनं ठरवलं. रॉन तर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायचा. तिनं मला सोड्यानं घासलं, उन्हात वाळवलं आणि पिवळा रंग दिला. रंगाखाली काय आहे ते मला माहीत होतं. मला विचारलं कुणी नाही.

वसंतात तिनं माझ्यात माश्या सोडल्या आणि मला कुंपणालगत मांडलं. कुंपणापलीकडे हॅमिश डफच्या पेट्यांची रांग होती आणि वर टेकडीभर मानुकाची झुडपं. त्या फुलांच्या महागड्या मधासाठी तिथं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबलेले आहेत. डफ तर कुणाचाच भाऊ नव्हता.

"पेटी मागं घे," तो कुंपणावरून म्हणाला. "तुझ्या माश्या माझ्या टेकडीवर चरतायत."

"फुलांवर तुझं नाव लिहिलंय का रे?"

"माझ्या बापानं ती टेकडी राखली."

"तर मग मधही त्यालाच दे."

डिसेंबरात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, तो पुन्हा आला. या वेळी नाक वर करून.

"तुझी पेटी उघड. सडका वास येतोय."

"वारा तुझ्याकडून येतोय, हॅमिश."

"थट्टा नको. पोळ्यातल्या एखाद्या बंद घरात काडी घालून ओढून बघ. चिकट तार निघाली तर रोग आहे."

"आणि तू सांगतोस म्हणून मी फुलांच्या हंगामात पेटी जाळू, होय ना? मी काही दुधखुळी नाही."

मित्रांनो, डफ लबाड होता, भांडखोर होता आणि त्या दिवशी खरं बोलत होता. ही तिन्ही एकाच माणसात असू शकतात, हे क्लबात शिकवत नाहीत.

माझी वस्ती कमजोर झाली. राखणदार उरले नाहीत, तशा डफच्या माश्या माझ्या दारातून घुसल्या आणि मध लुटून नेऊ लागल्या. मधाबरोबर रोगही. दारात ही झुंबड. ग्लेनिस खुर्ची टाकून बघत बसे. तिला वाटलं, भरभराट झाली. तिनं बरण्या धुऊन ठेवल्या.

मध काढायला तिनं माझं झाकण उचललं, तेव्हा तो वास तिच्या तोंडावर आला. पोळी रिकामी. राहिलेल्या घरांची टोपणं खचून काळी पडलेली. तिनं एका घरात आगकाडी घातली आणि हळूच ओढली. तपकिरी, चिकट तार काडीबरोबर लांबत आली.

तिनं झाकण लावलं. तिच्या शेडचं दार उघडंच होतं, आणि डफ कुठं दिसत नव्हता. ती बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली. मग कुंपणाशी जाऊन तिनं त्याला हाक मारली.

"तार निघाली," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं नव्हतंस. ओरडला होतास."

"ओरडणं म्हणजे मोठ्यानं सांगणंच." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "तुझ्या दारात ती गर्दी होती. ती कुणाची?"

"मला वाटलं, माझीच."

डफनं कुंपणाच्या तारेवर हात ठेवला आणि आपल्या रांगेकडे पाहिलं. त्यानं शिवी दिली नाही. ग्लेनिसला शिवी बरी वाटली असती.

रोगाची खबर तिनंच दिली. खड्डा डफच्या यंत्रानं खणला, ग्लेनिसच्या बाजूला. संध्याकाळी माश्या आत परतल्यावर माझ्यात पेट्रोल ओतलं. माझ्याशेजारी डफच्या पेट्या आल्या. एकेक तो स्वतः उचलून आणत होता. हातात हात वगैरे कुणी घेतला नाही.

"पुढच्या वेळी नवी पेटी घे," तो अखेर म्हणाला.

"पुढच्या वेळी?"

"कुंपणापासून लांब."

आता मी जळते आहे. माझ्या जागी भल्या गोष्टीतली पेटी असती, तर म्हणाली असती, मला टाकू नका, मला पुन्हा रंग द्या. मी म्हणते, मित्रांनो, आठवण म्हणून माझी एक फळीसुद्धा ठेवू नका. काळजी करायचीच तर जिवंत आहेत त्यांची करा. मला तळापर्यंत जळू द्या आणि नीट झाका, कारण वितळलेला मध चाटायला उद्या माश्या येतील. मध कुठून आला, ते त्या विचारत नाहीत.

आग विझली आहे, ग्लेनिसनं फावडं घेतलं आहे. माती कमी पडतेय, असं पलीकडून डफ ओरडतो आहे. ती अजून माती टाकते.