जिवनबाईच्या बियांचा तुंबा

त्या दिवशी दुपारी जिवनबाईने मला खुंटीवरून काढले, कानाजवळ धरले आणि हलवले. माझ्या पोटातले बी खुळखुळले. "बराबर वाजून राहिलं," ती स्वतःशीच म्हणाली आणि मला परत टांगून बाजेवरच्या खारोड्या उलटायला गेली. बाजरीचे शिजवलेले पीठ चिमटीचिमटीने कापडावर घालायचे आणि कडक उन्हात वाळवायचे, त्या खारोड्या. शेजारच्या सुपात गवारीच्या शेंगा वाळत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून तिची लेक निता तिच्या याडीशी, म्हणजे आईशी, बोलत होती.

"खारोड्या झाल्या, गवार झाली. जगन येऊन राहिला तिकडं, त्याच्या हाती देते," जिवनबाई म्हणाली. जगन म्हणजे निताचा भाऊ.

"कशाला, याडी? इथं सगळं मिळतं."

"मिळत असंल. पर नेऊ का नको?"

"दे, पण थोडं दे."

"थोडंच देते," असे म्हणत जिवनबाईने पिशवी इतकी भरली की तिची चेन लागेना. मग तिने ती सुतळीने बांधली. तो तिचा शेवटचा साधा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही.

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. सेनगावच्या बाजूच्या गोरेगावजवळच्या एका तांड्यात, धर्मसिंग आणि जिवनबाई यांच्या घरात, चुलीच्या वरच्या खुंटीला मी कित्येक वर्षे लटकतो आहे. माझा रंग धुराने काळा झाला आहे. नव्या माणसाला मी एखादे वाळके लाकूडच वाटतो. पण माझा जन्म याच घरामागच्या परसातला. मी एक दुधी भोपळा होतो.

न्हाणीच्या छपरावर आमचा वेल चढला होता. माझी भावंडे कोवळी असतानाच तोडली गेली आणि पातेल्यात शिजली. मला मात्र जिवनबाईने लाल दोरा बांधला. "ह्याला कुणी हात लावायचा न्हाई," तिने घरातल्या सगळ्यांना बजावले. मी वाढत राहिलो. पाने पिवळी पडली, वेल वाळला, तरी मी छपरावरच होतो. माझी साल हळूहळू लाकडासारखी टणक झाली. मग तिने माझी मान कापली, आतला गर कुजावा म्हणून पाणी भरून ठेवले, खडे घालून मला घुसळले आणि उन्हात वाळवले. सगळ्यात आधी तिने माझ्यात काय ठेवले, सांगू? माझेच बी. गोवरीच्या राखेत घोळवून, चिंधीत बांधून. माझी लेकरे माझ्याच पोटात येऊन बसली. पुढच्या वर्षी त्याच छपरावर त्यांचा वेल चढला, पांढरी फुले आली. मी खुंटीवरून दारातून ते पाहिले. एवढ्याशा चपट्या बीमध्ये अख्खे छप्पर झाकणारा वेल कुठे मावतो, याचे कोडे मला आजही उलगडलेले नाही.

हळूहळू माझ्या पोटात दोडका, कारले, वाल, चवळी, काकडीच्या जातीचे वाळूक यांच्या पुरचुंड्या आल्या. कारल्याची पुरचुंडी निताच्या शाळेच्या निळ्या फ्रॉकच्या तुकड्याची. वालाची, धर्मसिंगच्या जुन्या पागोट्याच्या लाल कापडाची. जिवनबाईला लिहिता-वाचता येत नव्हते. ती कापड पाहून बी ओळखायची. पेरणीला ती सगळे बी कधीच काढत नसे. प्रत्येक पुरचुंडीत एक मूठ मागे ठेवायची. "पाऊस फसला, बकरीनं खाल्लं, तर?" ती म्हणायची. त्या मुठीवर या परसाचे सगळे नशीब होते.

पावसाळ्यात परस हिरवे व्हायचे. दिवाळीपर्यंत वाल उतरायचे. हिवाळ्यात वांगी यायची, आणि उन्हाळ्यात जे उरले ते बाजेवर वाळायचे. मी खुंटीवरून प्रत्येक पिकाची वाट पाहायचो. माझे कौतुकही व्हायचे. तांड्यातल्या बायका बी मागायला यायच्या आणि जिवनबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "आमच्या म्हाताऱ्याला विचारा." त्या हसायच्या. धर्मसिंग रुसल्यासारखे करायचा.

पुढे स्लॅबचे घर झाले, गॅस आला. चूल अंगणातल्या पत्र्याखाली गेली आणि तिच्यामागे मीही गेलो. जगनचे लग्न होऊन शितल घरात आली, तेव्हा तिने मला पाहून नाक मुरडले.

"आत्याबाई, चांगला प्लास्टिकचा डबा आणून देते. हे काय भुतावाणी लटकवून ठेवलं?"

"डब्यात बी कोंडतं, बाई," जिवनबाई म्हणाली. "त्याला बी श्वास लागतो. तुला पेटीत घालून झाकण लावलं तर चालंल का?"

शितल हसली. तिने पुन्हा डब्याचे नाव काढले नाही. पण मला कधी उघडूनही पाहिले नाही, आणि जिवनबाईचेही, सांगू पुढे कधीतरी, असे म्हणत सांगायचे राहून गेले.

जिवनबाई गेली. दुखवट्याचे दिवस सरले. आमच्याकडे त्यानंतर घर धुऊन काढतात. भांडी, अंथरुणे, खुंट्या, काही सोडत नाहीत. धर्मसिंग ओट्यावर बसून म्हणाला, "सगळं धुवा. काई ठेवू नका." शितलने ते मनावर घेतले. बिचारीने पदर खोचून घर उपसले आणि शेवटी मलाही काढून पाण्याच्या टिपात, मोठ्या पिंपात, बुचकळले. माझ्या तोंडाला चिंधीचा बोळा होता. पाणी गटगट आत शिरले. तिने मला स्वच्छ पुसून परत टांगले. माझा काळा रंग थोडा उजळला होता. तिला समाधान वाटले.

मित्रांनो, त्यानंतर माझ्या पोटात जे झाले, ते सांगायला मला शब्द पुरत नाहीत. आधी सगळे गप्प होते. मग पुरचुंड्या फुगू लागल्या. वर्षानुवर्षे झोपलेल्या बिया ओल्या राखेत कुशी बदलू लागल्या. अंधारात, कुणालाही न विचारता, त्या जाग्या होत होत्या. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी नवलही. ज्या हातांनी त्यांना बांधले होते ते हात आता नव्हते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

असे चार-पाच दिवस गेले. दिवसकार्यासाठी आलेल्या निताला दुसऱ्या दिवशी निघायचे होते. सकाळी जीप पकडून आधी सेनगाव, तिथून पुढे पुणे. पत्र्याखाली येऊन तिने मला सहज काढले, आईसारखे कानाजवळ धरले आणि हलवले.

मी वाजलो नाही.

तिने पुन्हा हलवले. मग बोळा ओढला आणि बोटांनी निळी पुरचुंडी बाहेर काढली. ओल्या कापडातून पांढरे मोड डोकावत होते. तिच्या हातून मी जवळजवळ सुटलोच.

"शितल!"

शितल धावत आली. पाहून तिचा चेहरा उतरला. "ताई, मला काय ठाऊक आत काय हाय ते... मामांनीच सांगितलं, सगळं धुवा."

"व्हय, मीच सांगितलं," धर्मसिंग ओट्यावरून उठून आला. त्याने मोडांवर अलगद बोट ठेवले. "तुझी याडी असती तर हाच तुंबा माझ्या डोक्यात घातला असता." तो हसायला गेला आणि त्याला हसता आले नाही.

"वाळवता येईल का, बा?" निताने विचारले.

"जागं झालेलं बी परत झोपत न्हाई. आजच मातीत घालावं लागंल. सगळं."

"आणि मागची मूठ?"

मागची मूठही भिजली होती. हे बी उगवले नाही, तर जिवनबाईचे परस तिच्याबरोबरच संपणार होते.

निताने जायचे रद्द केले. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता, जमीन ओलीच होती. शितलने वाफे केले, धर्मसिंगने काटेरी कुंपण नीट केले. निता एकेक पुरचुंडी सोडत होती. लाल कापड ओळखून ती म्हणाली, "हे वाल." निळे हातात घेऊन तिने फ्रॉकची जुनी शिवण बोटाने चाचपली. मोड मोडू नयेत म्हणून प्रत्येक बी ती दोन बोटांत धरून ठेवत होती. पुण्यात राहून तिच्या हातांना मातीची सवय उरली नव्हती, तरी हात चुकले नाहीत.

मग वाट पाहणे. वाळकाचे बी आले नाही, ते आतच कुजले होते. ते वाळूक आता कुठून आणायचे, कुणाला ठाऊक नाही. पण एका सकाळी वालाने मातीचे ढेकूळ डोक्यावर घेऊन मान वर काढली. एवढासा वाकलेला जीव आणि डोक्यावर केवढे ओझे! तिघेही वाफ्यापाशी उकिडवे बसून पाहत राहिले. शितल डोळे पुसत म्हणाली, "आत्याबाई चिडल्या न्हाईत वाटतं."

दिवाळीनंतर निता पुन्हा आली, तेव्हा कुंपणावर वाल लोंबत होते आणि न्हाणीच्या छपरावर एका दुधीला लाल दोरा बांधलेला होता. दोरा शितलने बांधला होता. कारण पाण्याने माझ्या मानेला तडा गेला आहे. मी आणखी एखादे वर्ष टिकेन. पण पिकल्या शेंगांचे, कारल्याचे, दोडक्याचे नवे बी राखेत घोळवून शितलने माझ्यातच भरले. मूठभर मागे ठेवण्याइतके.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे काही जुने, काळवंडलेले लटकत असेल. ते धुण्याआधी, टाकण्याआधी एकदा कानाला लावून हलवा. आणि ज्यांना त्याचे गुपित माहीत आहे, त्यांना ते असतानाच विचारून घ्या.

निता निघाली त्या सकाळी शितलने तिच्या हातात पिशवी दिली. वाळवलेली गवार, वालाचे दाणे, आणि जिवनबाईच्या हातच्या शेवटच्या खारोड्यांतल्या उरलेल्या थोड्या. चेन लागत नव्हती. सुतळी बांधली होती.

"कशाला, शितल? तिथं..." निता बोलता बोलता थांबली.

ती पत्र्याखाली आली. मला काढून तिने कानाजवळ धरले आणि हलवले. मी खुळखुळलो. तिने माझ्या तडा गेलेल्या मानेवर कपाळ टेकवले आणि मोठ्याने म्हणाली,

"याडी, तिथं हे मिळत नव्हतं. कधीच मिळत नव्हतं."