दिवाण आणि तेवीस अपरिहार्य माणसं

१९५६च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या श्वान-कसरत मंडळाकडे चार कुत्रे आणि तेवीस स्वयंसेवक होते. हे प्रमाण कुणाला जास्त वाटेल. पण त्या साली ग्वाल्हेरची सरकारी दफ्तरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्यात काटकसरच दिसेल.

मंडळ काढलं संभाजीरावांनी. ते संस्थानच्या रिसाल्यात होते. संस्थान विलीन झालं, मागोमाग फौज विलीन झाली, घोडे कुठं कुठं गेले. पण घोड्यांकडून उड्या मारून घ्यायचे लाकडी अडथळे कुठल्याच यादीत नव्हते, म्हणून ते कंपू भागातल्या मैदानाच्या कोपऱ्यात तसेच राहिले. संभाजीरावही तसेच राहिले. दोन वर्षं त्यांनी त्या अडथळ्यांकडे नुसतं पाहिलं. मग एक दिवस सुतार बोलावून आडव्या दांड्या दीड हातावर आणल्या आणि पडाव भागातून एक भटका कुत्रा धरून आणला. त्यानं दांड्यांवरून उडी मारायची, अरुंद फळीवरून चालायचं आणि शेवटी बोगद्यातून पार व्हायचं. बोगदा म्हणजे बिर्लानगरच्या गिरण्यांकडून आणलेली रंगाची तीन रिकामी पिंपं, बुडं कापून एकापुढे एक जोडलेली. कुत्र्याचं नाव त्यांनी दिवाण ठेवलं. "ते पद रिकामंच झालंय," म्हणाले.

पुढं आणखी तीन कुत्रे मिळाले. त्यांतला एक उन्हाळी राजधानीबरोबर इंदूरला गेला. त्या काळी मध्यभारताची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे. कपाटं, फायली, साहेब आणि साहेबांचे कुत्रे मोटारींत बसून जात आणि परत येत. फायली परत आल्या, कुत्रा आला नाही. दुसरी कुत्री सदा बाळंतपणाच्या रजेवर. तिसरा इतका म्हातारा होता की तो फक्त अध्यक्षांच्या खुर्चीखाली बसे. थोडक्यात, काम करणारा एकटा दिवाण.

स्वयंसेवकही पूर्वी एकच होता. आमच्या दफ्तरातले हेडक्लार्क भालचंद्रपंत आठल्ये. ते पहाटे मैदानावर जातात एवढं आम्हाला माहीत होतं. तिथं काय करतात हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. त्यांच्या पँटीचे दोन्ही गुडघे मात्र सदा घासलेले असत, आणि ते मारुतीपुढे घासले की साहेबापुढे यावर चहाच्या वेळी आमचे दोन पक्ष होते.

मग एक नोव्हेंबरला नवं राज्य झालं. आठ वर्षांत तिसरा नकाशा. राजधानी भोपाळ. आमचं खातं जानेवारीत सगळंच्या सगळं भोपाळला हलणार असा हुकूम आला, आणि पाठोपाठ एक परिपत्रक आलं. त्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की जो कर्मचारी एखाद्या नोंदणीकृत क्रीडासंस्थेचा अपरिहार्य स्वयंसेवक असेल त्याची बदली एक वर्ष लांबवण्याचा विचार होऊ शकेल.

लष्कर भागात त्या आठवड्यात नोंदणीकृत आणि जागा रिकाम्या असलेली एकच क्रीडासंस्था उरली होती. बाकीच्या संस्था मोठ्या खात्यांनी आधीच भरून टाकल्या होत्या.

सोमवारी आमच्यातले सहा जण संभाजीरावांकडे गेले. शुक्रवारपर्यंत आम्ही बावीस झालो. संभाजीरावांनी कुणाला नाही म्हटलं नाही. त्यांनी ओळीनं पदं वाटली. रघुनाथराव झेंडाप्रमुख झाले. एक शिट्टीप्रमुख, एक राखीव शिट्टीप्रमुख, दोन पाणीप्रमुख. मी बोगदाप्रमुख. माझं काम बोगदा जागेवर आहे की नाही ते पाहायचं. मी रविवारी जाऊन पाही. तो असे. एकदा आत डोकावलो तर पिंपं आतून लखलखीत घासलेली दिसली. मी अहवालात लिहिलं, "कुत्रा फार अंग घासतो."

आमच्यापैकी बहुतेकांना भोपाळला का जायचं नाही ते सांगता येत नव्हतं. पाणी बरं नाही, डोंगर चढावे लागतात, पोहे नीट मिळत नाहीत, असली कारणं. पंतांचं कारण मात्र खरं होतं. त्यांच्या पत्नी अनसूयाबाई मुलींच्या शाळेत चोवीस वर्षं शिकवून त्याच जूनमध्ये मुख्याध्यापिका झाल्या होत्या. दारावर नावाची पाटी लागून सहा महिने झाले नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं होतं, "तुम्ही खुशाल जा. मी दर महिन्याला पत्र टाकीन."

"दर महिन्याला, गोपाळराव," पंत मला म्हणाले. चहा बशीत तसाच निवत होता. "एक."

मी समजलो. तीस वर्षं पंत दफ्तरातला प्रत्येक महत्त्वाचा मसुदा घरी नेत आणि अनसूयाबाईंना वाचून दाखवत. त्या भाजी चिरता चिरता ऐकत आणि शेवटी "हं" म्हणत. त्या 'हं'शिवाय मसुदा साहेबाच्या टेबलावर जात नसे. एकदा बाई माहेरी गेल्या होत्या तर एक साधं स्मरणपत्र पंतांनी नऊ दिवस दाबून ठेवलं होतं.

"भोपाळला 'हं' कोण म्हणणार?" पंत म्हणाले.

मी म्हटलं, "पंत, तुमचं तर नक्कीच होणार. तुम्ही पाच वर्षांचे जुने."

"तेवीस अर्ज गेलेत. तेवीसही अपरिहार्य. तुम्ही साहेब असता तर काय केलं असतं?"

मी साहेब असतो तर तेवीसही फाडले असते. पंतांना मी चहा निवतोय एवढंच सांगितलं.

साहेबांनी अर्ज फाडले नाहीत. ते स्वतःच आले. दौलतसिंह त्यांचं नाव. नव्या राजधानीकडून आलेले उंच, सडपातळ गृहस्थ; चेहऱ्यावर ऊन-पाऊस काही दिसत नसे. संक्रांतीच्या आधीचा रविवार होता. मैदानावर आम्ही तेवीस जण छातीला पदाचे बिल्ले लावून रांगेत उभे. एका बाजूला खुर्च्या मांडलेल्या, त्यांत अध्यक्ष म्हणून संभाजीराव, त्यांच्याखाली म्हातारा कुत्रा, आणि लोकसहभाग दिसावा म्हणून बोलावलेल्या आमच्या बायका. अनसूयाबाई पहिल्या रांगेत वह्या तपासत बसल्या होत्या.

दौलतसिंहांनी रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजली. मग उलट मोजली.

"तेईस आदमी," ते म्हणाले. "कुत्ते?"

रघुनाथराव झेंड्यासकट पुढं झाले. "चार, साहब."

"मैदान में तो एक है."

"जी. एक इंदौर में है, एक प्रसूति की छुट्टी पर, और एक सेवानिवृत्त. वो कुर्सी के नीचे."

साहेबांनी खुर्चीखाली पाहिलं. म्हातारा कुत्रा झोपला होता. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"ठीक है. सातवीं धारा में शब्द है, अपरिहार्य. मैं इसका एक ही अर्थ जानता हूँ. कुत्ता जिसके कहने से चलेगा, वही अपरिहार्य. शुरू कीजिए."

आता एक गोष्ट कबूल करायला हवी. दिवाणला आपली ओळख दिसावी म्हणून मी पहाटेच त्याला पावशेर गजक खाऊ घातली होती. तीळगुळाची, मुरैन्याची, चांगली खुसखुशीत. ही युक्ती मला एकट्यालाच सुचली असं मी समजत होतो. दिवाण पहिल्या दांडीसमोर येऊन चारी पाय पसरून कुशीवर पडला तेव्हा मी रांगेकडे पाहिलं. पंत सोडले तर उरलेल्या एकविसांपैकी एकही जण माझ्या नजरेला नजर देईना. प्रत्येकाच्या खिशातून तीळ सांडत होते.

शिट्टीप्रमुखांनी शिट्टी वाजवली. दिवाणनं कान हलवला. राखीव शिट्टीप्रमुखांनी वाजवली. कानही हलला नाही. रघुनाथरावांनी झेंडा फडकवला, पाणीप्रमुखांनी वाडगं दाखवलं, कुणी "आ, आ, राजा" म्हटलं, कुणी "दिवाणसाहेब" म्हणून पाहिलं. मी बोगद्याच्या तोंडाशी वाकून बोगदा जागेवर असल्याचं त्याला दाखवलं. त्यानं एक ढेकर दिली. कुत्रा ढेकर देतो हे मला त्या दिवशी कळलं.

बावीस जण झाले. उरले पंत. पंत दिवाणजवळ गेले, वाकले आणि हळूच म्हणाले, "चल रे." दिवाणनं शेपटी एकदा जमिनीवर आपटली. उठला नाही.

"बस?" दौलतसिंहांनी पेनाचं टोपण लावायला घेतलं.

तेवढ्यात खुर्चीवरून संभाजीरावांचा रिसाल्यातला आवाज आला. "पंत! आता इलाज नाही. रोजच्यासारखं करा."

"इथं?" ते म्हणाले. "सगळ्या दफ्तरासमोर?"

"मग भोपाळला करा. तिथं कुत्रा नाही."

पंतांनी आमच्याकडे पाहिलं. रांगेतले निम्मे लोक त्यांच्या हाताखालचे होते. उशिरा आलं की पंत नुसते घड्याळाकडे बघत आणि दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेआधी हजर असू, असा माणूस. मग त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. अनसूयाबाईंनी वहीतून डोकं वर काढलं होतं आणि लाल पेन्सिल हातात तशीच धरली होती.

पंतांनी कोट काढला. टोपी काढली. दोन्ही माझ्या हातात दिली. मग काही पावलं मागे गेले, धावत आले आणि एक्कावन्नाव्या वर्षी, धाप टाकत, दीड हाताच्या दांडीवरून उडी मारली.

दिवाणनं डोकं उचललं.

पंतांनी दुसरी उडी मारली. दिवाण उठला, अंग झटकलं आणि पोट सांभाळत पंतांच्या मागं निघाला. पहिली दांडी, दुसरी दांडी. पंत फळीवर हात पसरून तोल सावरत चालले. दिवाणही चालला, आणि शपथेवर सांगतो, तोही तसाच डुलत होता. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. संभाजीरावांचे गुडघे गेले होते. कुत्र्याला उडी कशी मारायची, बोगद्यात कसं शिरायचं हे कुणीतरी करून दाखवायला हवं होतं. पाच वर्षं रोज पहाटे आमचे हेडक्लार्क ते करून दाखवत होते. दिवाण शिकला तो बघून, आणि पंत पुढं असल्याखेरीज काही करायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पंत बोगद्यापाशी आले. गुडघे टेकले. मारुती आणि साहेब हे दोन्ही पक्ष एकाच वेळी हरले.

पहिल्या पिंपात ते गेले. दुसऱ्यात गेले. मग बोगदा नुसताच हलू लागला. पहाटे पंत उपाशीपोटी येत; त्या दिवशी साहेबांबरोबर पाहुणचार म्हणून त्यांना चार बेसनलाडू खावे लागले होते. दिवाण मागून पिंपात शिरला आणि त्यानं डोक्यानं ढकलून पाहिलं. उपयोग होईना. आम्ही बावीस स्वयंसेवक जागच्या जागी उभे. बोगदाप्रमुख या नात्यानं मी काय करायचं ते नेमणुकीच्या पत्रात नव्हतं.

अनसूयाबाई उठल्या. वह्यांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला. सावकाश चालत बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाशी गेल्या, पदर खोचला आणि खाली वाकल्या.

"अहो," त्या आत बघून म्हणाल्या, वर्गात म्हणावं तशा स्पष्ट. "पोट आत घ्या."

आतून काहीतरी उत्तर आलं.

"ते मला माहीत आहे. श्वास सोडा आधी. हां. आता उजवा खांदा पुढं. उजवा! तो डावा आहे."

आधी टक्कल आलं, मग चष्मा, मग उरलेले पंत, आणि त्यांच्या पाठोपाठ दिवाण. पंत हातापायांवरच थांबले होते. साहेबाकडे त्यांनी बघितलंच नाही. मान वर करून त्यांनी अनसूयाबाईंकडे बघितलं, मसुदा वाचून संपल्यावर बघत तसं.

"हं," अनसूयाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पंतांच्या गुडघ्यांवरची धूळ झटकली. "पाच वर्षं मी दर महिन्याला नवं कापड लावतेय गुडघ्यांना. सांगितलं असतंत तर चामडंच लावलं असतं."

दौलतसिंहांचा हुकूम चार दिवसांनी आला. त्यात लिहिलं होतं की श्री. आठल्ये यांच्यावाचून ही संस्था चालणार नाही. उरलेल्या बावीस जणांवाचून ती अधिक चांगली चालेल. पंतांची बदली एक वर्ष लांबवली आहे. पुढची मुदतवाढ दरवर्षी प्रत्यक्ष तपासणी करून मिळेल.

आम्ही बावीस जण जानेवारीअखेर भोपाळला गेलो. पाणी बरं होतं. पोहेही मिळत होते. आम्ही तिथं एक श्वान-कसरत मंडळ काढलं. पदं तीच ठेवली. कुत्र्याबद्दल पत्रव्यवहार चालू आहे.

दौलतसिंह दर संक्रांतीच्या आधी ग्वाल्हेरला जात. तेवढ्यासाठी कुणी एवढा प्रवास करील का, असं आम्ही आपसात म्हणत असू. पण परत आल्यावर पुढचे दोन दिवस साहेब शिपायांशीसुद्धा गोड बोलत. पंत असे आणखी तीनदा बोगद्यातून गेले आणि पंचावन्न पुरी होताच ग्वाल्हेरातच सेवानिवृत्त झाले.

त्यानंतरच्या डिसेंबरात मी रजेवर गेलो होतो. पहाटे सवयीनं बोगदा जागेवर आहे का ते पाहायला कंपूकडे गेलो. धुकं होतं. दिवाण अलीकडच्या तोंडाशी बसला होता, तोंड पांढरं झालेलं, आत जायचा काही विचार दिसत नव्हता. बोगदा हलत होता. पलीकडे अनसूयाबाई शाल घेऊन उभ्या, हातात पंतांची टोपी.

पंत बाहेर आले. गुडघ्यांना चामडं होतं.

"पंत," मी म्हटलं, "आता कशाला? आता कोण बदली करतंय तुमची?"

पंतांनी दम घेतला, चष्मा पुसला आणि टोपीसाठी हात पुढं केला. "गोपाळराव, मुदतवाढ दरवर्षीची असते," ते म्हणाले. "आणि तपासणी यांची साहेबापेक्षा कडक."

टोपी लगेच मिळाली नाही. अनसूयाबाईंनी आधी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.