चार नंबरचा रकाना

वेब-पानांसाठी आम्ही लिहिलेली कोडची लायब्ररी माहिती पाठवताना रकान्यांची नावं पाठवत नाही, नुसते नंबर पाठवते. निरोप आटोपशीर होतो. नावं ब्राउझर आपल्याजवळच्या यादीतून लावतो. हॉस्पिटलच्या पेशंटांच्या पानावर चार नंबर म्हणजे ‘जेवण’. तो रकाना कुणी भरेना, म्हणून काढला. आणि आमच्या टीममधल्या दीडशहाण्याने तोच मोकळा नंबर आज ‘ॲलर्जी’ला देऊन टाकला! ज्यांचं पान आधीपासून उघडं आहे त्यांच्याकडे यादी जुनीच, म्हणजे ॲलर्जी ‘जेवण’ म्हणून दिसणार.

कळताच मी वॉर्डात फोन लावला.

“सिस्टर, आधी पान रिफ्रेश करा!”

“छे हो, रिफ्रेश केलं की लॉगिन जातं. पासवर्ड मोठ्या सिस्टरकडे, आणि त्या रजेवर.”

“मग निदान ‘जेवण’समोरचं वाचू नका.”

“वाचलं की. इतके दिवस रिकामं असायचं, आज भरलेलं बघून बरं वाटलं. कोपऱ्यातल्या आजींच्या नावासमोर शेंगदाणे.”

“दिलेत?”

“कुटून, दुधातून. बोलता येत नाही ना त्यांना. नुसती मान हलवत होत्या, नको नको. शेवटी मीच दटावून भरवलं.”