खंडेनवमीची बंदूक

१९७४ सालची खंडेनवमी. पुनावळ्याचे मारुतराव भल्या पहाटेच चिंचवडला गेले होते. जमीन संपादनात गेली, रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक तेवढी उरली. तिच्याच जोरावर एक कंपनी त्यांना दसऱ्यानंतर गेटवर वॉचमन म्हणून घेणार होती. नाहीतर पन्नाशीच्या माणसाला कोण विचारतंय?

परवान्याची अट होती: बंदूक कुलपात, किल्ली परवानेवाल्याकडे. मारुतरावांनी लोखंडी पेटी केली, दणकट कुलूप आणलं आणि किल्ली दिली बायकोकडे. त्यांच्या घरात किल्ल्या शालनबाईंच्याच कमरेला असायच्या. यात काही चुकतंय हे मारुतरावांच्या मनाला शिवलंही नाही.

ते परतले तेव्हा दारात पोलिसांची जीप. आदल्या दिवशी कुठल्याशा कंपनीच्या फाटकाजवळ गोळी सुटली होती, म्हणून आसपासच्या परवान्याच्या बंदुकांची घरोघर झडती चालली होती. आत पाटावर विळे, कोयता, नांगराचा फाळ आणि मधोमध बंदूक. नळीला झेंडूची माळ, दस्त्याला हळदकुंकू. पेटी सताड उघडी.

फौजदार तसा भला माणूस. बूट उंबऱ्याबाहेर काढून तो वाकला, नळी हुंगली.

"ही झाडलेली नाही. पण कुलपातनं काढली कुणी?"

"मीच साहेब. पूजेला," मारुतराव पटकन म्हणाले.

फौजदार तसंच लिहू लागला. ताकिदीवर भागलं असतं. पण शालनबाईंना ते खटकलं. उपाशीपोटी पूजा मांडली त्यांनी, आणि देवासमोर हे खोटं कशाला?

"आवो, तुमी तर उजाडायच्या आत गेला व्हता! मीच काढली साहेब. दर आठवड्याला मीच पुसती. किल्ली जिवापाड जपती, ही बघा."

फौजदाराचं पेन थांबलं. "परवाना तुमच्या नावावर आहे का, बाई?"

पंचनामा झाला. बंदूक जप्त.

"उद्या दसरा हाय, तवर पूजा हलवू नगा," शालनबाई कळवळून म्हणाल्या. फौजदाराने हात जोडले, माळ काढून पाटावर ठेवली आणि बंदूक उचलली.

"माझंच चुकलं का वो?" जीप गेल्यावर शालनबाई रडत म्हणाल्या.

मारुतरावांना राग आला होता, नाही असं नाही. पण किल्ली त्यांनीच तर दिली होती. रिकामी पेटी त्यांनी बंद केली, शालनबाईंच्या हातातली किल्ली घेऊन कुलूप घातलं आणि सवयीने ती परत बायकोपुढे धरली.