हात काय करतोय ते सांग

दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. एकोणीस वर्षं देवानेच तो पार पाडून घेतला. त्यामुळे माझ्या हातांचं बोलणं घरात सगळ्यांना समजतं. मनगट फिरवलं, गॅस बंद कर. कानाची पाळी चिमटली, फोन वाजतोय.

आज सूनबाईची परीक्षा होती. पडद्यावर काय चाललंय ते अंध प्रेक्षकांना इंग्रजीतून सांगायचं, अशी नोकरी. दोन वर्षं घरी बसलेली. ही संधी तिला सोडायची नव्हती. आठवडाभर स्वयंपाकघरात नुसती घोकंपट्टी. "आई, मूठ आवळा. क्लेंच युअर फिस्ट! आता चुटकी. स्नॅप युअर फिंगर्स!" भाजी चिरताना माझ्याही चुटक्या वाजू लागल्या.

अकराला कॉम्प्युटर सुरू झाला, पडद्यावर परीक्षकबाई आल्या आणि वर्णनासाठी आणलेली त्यांची चित्रफीतच चालेना.

"घरात कोणी आहे? त्यांच्या हातांचं वर्णन करा," त्या म्हणाल्या.

ओले हात पुसून मी समोर बसले. मनगट फिरवलं.

सूनबाई इंग्रजीतून चटकन म्हणाली, "त्या सांगतायत, गॅस बंद कर."

मी कानाची पाळी धरली.

"फोन वाजतोय!"

परीक्षकबाई हसल्या नाहीत. "हात काय करतोय ते सांगा. काय म्हणतोय ते नको. ऐकणाऱ्याला तुमच्या घरच्या खुणा काय ठाऊक? आता एकदाच."

पोरीचा चेहरा उतरला. शब्द माझ्या ओठांशी आला होता. देवा, सांभाळ, असं मनातच म्हणत गिळला. काहीही केलं तरी ही अर्थच वाचणार. मग अर्थच नसलेलं करावं!

मी दोन्ही मुठी आवळल्या. एक कपाळाला टेकवली. मग तीच मूठ पुढे आणून करंगळी तेवढी सोडली आणि हवेत नाचवली.

सूनबाई बघतच राहिली. वाचायला काही मिळेना. आणि सुटली की! "शी क्लेंचेस हर फिस्ट्स... रेझेस वन टू हर फोरहेड... शी विगल्स हर लिटल फिंगर!" एक हालचाल चुकली नाही.

"सोमवारपासून या," परीक्षकबाई म्हणाल्या, आणि आता मात्र हसल्या.

सूनबाईने मला गदागदा हलवलं. "आई, ते शेवटचं काय होतं हो?"

मी दोन्ही तळवे उघडून दाखवले.

"काहीच नाही? अहो, माझा जीव गेला असता!"

तेवढ्यात जळका वास आला. मी घाईघाईने मनगट फिरवलं.

"अगं बाई, माझा चहा!" म्हणत नोकरदार सूनबाई धावली.