क्लेम्ड आणि क्लॅम्ड

"मला माहीत नाही," एवढं एक वाक्य सोडलं तर श्रीरंग आगाशेला सगळं बोलता यायचं. वडील हेडमास्तर, त्यांच्यापुढे गप्प बसण्यापेक्षा काहीतरी ठोकून दिलेलं बरं. बॉयलरवर डॉक्टरेट करायला हॅम्बर्गला येताना ही सवयही त्याने पुण्याहून बरोबर आणली होती.

घरमालक हेर (म्हणजे श्रीयुत) ब्रोडरसेन हे जर्मनचे निवृत्त शिक्षक. युद्धकैदी म्हणून इंग्लंडात शेतावर राबलेले. १९५९ च्या मार्चमध्ये कॉफी ओतता ओतता त्यांनी विचारलं, "हेर आगाशे, तुमच्याकडे तर इंग्रजांचं राज्य होतं. 'क्लेम्ड' म्हणजे काय हो? शेजारच्या परगण्यात 'क्लॅम्ड' म्हणायचे. माझ्या डिक्शनरीत दोन्ही नाहीत."

"अहो, सोपं आहे," श्रीरंग म्हणाला. "क्लेम्ड म्हणजे भुरटा चोर. क्लॅम्ड म्हणजे मुरलेला. शब्द कोंबडीचोरांवरून आलाय."

कोंबड्या कुठून आल्या, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

हेर ब्रोडरसेन बराच वेळ कपात चमचा ढवळत राहिले. साखर घातलेलीच नव्हती. "शेताच्या मालकीणबाई, मिसेस हॉलम," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी हातावर पाव ठेवून मला 'क्लेम्ड' म्हणाल्या होत्या. मला वाटलं, मायेचं काहीतरी असेल."

जूनमध्ये ते बाईंना भेटायला जाणार होते. त्यांनी तिकीट परत केलं. कपाटावरचा बाईंचा फोटो शिक्षा झालेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. श्रीरंगला घास गोड लागेना. पण खरं सांगायचं सोडून तो रोज फोटोची धूळ पुसायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

मे महिन्यात श्रीरंग जहाजाचे बॉयलर बघायला बंदरात गेला, तेव्हा कँटीनमध्ये एक इंग्रज फिटर ताट ओढत त्याला म्हणाला, "मी पार क्लेम्ड झालोय!"

"काय चोरलंस?"

"चोरलं? अरे, भुकेने जीव चाललाय! माझी बायको मिडलंड्सची, ती क्लॅम्ड म्हणते. भूक तीच."

श्रीरंग ताट टाकून घरी आला आणि उंबऱ्यातूनच सगळं सांगून टाकलं. आता भाड्याची खोली जाणार, शिव्याही मिळणार. मिळाल्या तर बरंच.

"क्लेमेन," हेर ब्रोडरसेन हळूच म्हणाले. "आवळणं. आवळलेलं पोट. तीस वर्षं जर्मन शिकवलं मी, आणि आपलाच शब्द ओळखला नाही." त्यांचे कान लाल झाले. उठून त्यांनी फोटो सरळ केला. "पण हेर आगाशे, चोर का म्हणालात?"

श्रीरंगने खाली पाहिलं. "मला माहीत नाही."

त्यांनी त्याच्यापुढे पाव सरकवला. पोटात काही नव्हतं, तरी त्याच्याने तो उचलवेना.