वजूच्या दगडाखालचं अर्थिंग

मीटरच्या पेटीतल्या सर्ज प्रोटेक्टरला, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब घरात शिरू न देणाऱ्या यंत्राला, करंगळीच्या नखाएवढी खिडकी होती. ती हिरवी असली की यंत्र शाबूत, लाल झाली की निकामी. बुधवारी सकाळी शबानाने पेटी उघडली तेव्हा खिडकी लाल होती आणि तिच्या कडेला काजळीची बारीक रेघ उठली होती.

आदल्या दुपारी साखरखेर्ड्याच्या शिवारात वीज पडली आणि तिच्या सासऱ्यांचं, रहेमतुल्लांचं, ऑक्सिजनचं मशीन जळालं. वर्षभरात दुसऱ्यांदा. तेव्हापासून ते सिलिंडरवर होते, आणि हाताशी असलेले सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरणारे होते. नवरा, शाकिर, दुसरं मशीन आणायला मेहकरला गेला होता.

पहिलं मशीन जळाल्यावर मेहकरात दवाखान्याजवळ एक खोली पाहून ठेवलेली होती. नणंद जवळच राहायची. अब्बांना तिथे हलवायचं की नाही, हे शाकिरने बायकोवर सोडलं होतं, कारण त्यांचं सगळं तीच करायची. परीक्षा होऊ द्या, रमजान होऊ द्या, असं म्हणत शबानाने चार महिने काढले होते. अब्बांना कोणी विचारलं नव्हतं. एके दिवशी त्यांनी आपली पत्र्याची पेटी स्वतःच भरून ठेवली होती, तीही कोणाशी न बोलता.

दहाच्या सुमारास हिंमतराव वायरमन आला. वायरिंगचं काम तो रहेमतुल्लांच्याच हाताखाली शिकला होता. त्याने जळालेला प्रोटेक्टर उलटसुलट करून पाहिला आणि नवा बसवायला घेतला. तेवढ्यात खाटेवरून अब्बांचा दमलेला आवाज आला.

"आधी दिवा लावून पाह्य बे. शिकवलं होतं ना तुले?"

"पाहतो उस्ताद. पन्नाशी आली माही, आता तरी सुनंसमोर झापू नका."

हिंमतरावने शंभराचा बल्ब काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये तो लख्ख पेटला. फेज आणि अर्थिंगमध्ये मात्र नुसती तार तांबूस झाली. शबाना पाहत राहिली. दहावीच्या वर्गात ती दरवर्षी हेच शिकवायची. जास्तीचा दाब जमिनीत उतरवायचा असतो. प्रोटेक्टर फक्त वाट दाखवतो. पुढे जमिनीने घेतलंच नाही तर तो दाब घरातल्या दुसऱ्या वाटा शोधतो.

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे हिंमतरावने विचारलं. अब्बांनी हात उचलून अंगणाकडे दाखवलं.

तिथे पूर्वी वजूचा दगड होता. त्यावर बसून घरातली माणसं नमाजाआधी हातपाय धुवायची, दिवसातून पाच वेळा. तीस वर्षांपूर्वी रहेमतुल्लांनी त्याच दगडाखाली अर्थिंगची पट्टी पुरली होती, म्हणजे भर उन्हाळ्यातही तिथली माती ओली राहील. दोन वर्षांपूर्वी नवं बाथरूम झालं. शेवाळावरून पाय घसरतो म्हणून शबानानेच दगड काढायला लावला, वर फरशी घातली आणि पाणी पाइपाने नालीत सोडलं. तेव्हा अब्बा म्हणाले होते, तिथलं पाणी तोडू नका. म्हाताऱ्या माणसाला जुनी जागा सुटत नाही, एवढाच अर्थ तिने घेतला होता.

ती खाटेजवळ जाऊन बसली. "अब्बा, तेव्हा काऊन नाही सांगितलं, खाली अर्थिंग आहे म्हणून?"

नाकातली नळी त्यांनी नीट केली. "तू सायन्सवाली. मले वाटलं, तुले मालूम असंल."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

हिंमतरावने फरशी फोडली. दोन हात खोल गेल्यावरही माती भुसभुशीत, कोरडी निघाली. पट्टी गंजून कागदासारखी झाली होती, बोटाच्या दाबाने तुटली. त्याने एकमेकांपासून अंतर ठेवून दोन नवे रॉड ठोकले, ते जोडले, भोवती माती भरून पाणी सोडलं. बाथरूमचा पाइपही तिकडे वळवला. काम संपल्यावर तो बल्ब लावायला निघाला तेव्हा शबानाने त्याला थांबवलं आणि अर्थिंग मोजायचं मीटर लावायला सांगितलं. दिव्याच्या उजेडावर तिला आता भरवसा ठेवायचा नव्हता. मीटरवर चार ओहम आले, म्हणजे अर्थिंग चांगलं होतं. तिने ते दोनदा मोजून घेतलं. मग नवा प्रोटेक्टर बसला.

चारच्या सुमारास शाकिरचा फोन आला. मशीन मिळालं होतं, तो निघतच होता. पण खोलीवाला समोर उभा होता, त्याला आजच उत्तर पाहिजे होतं.

 वीज थेट घरावरच कोसळली तर हे रॉड पुरे पडणार नव्हते, हे शबानाला ठाऊक होतं. आकाशात गडगडलं की मशीनच्या पिना काढाव्याच लागणार, भरलेले सिलिंडर घरात ठेवावेच लागणार. पण हे मेहकरातही चुकणार नव्हतं. चार महिने तिला या घराची भीती वाटत होती, आणि त्या भीतीचं कारण तिनेच फरशीखाली झाकून टाकलं होतं.

खाटेवर अब्बा डोळे मिटून पडले होते. ते झोपलेले नव्हते.

"ऐका," ती फोनवर म्हणाली, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "मशीन दोनदा जळलं ते माह्या चुकीनं. घरी आले की सगळं सांगते. अन् खोली नको म्हणून सांगा त्यायले. अब्बा इथंच राहतील."